कॉइलला किती वॅट? : ई-सिगारेटच्या कॉइलवरच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

आजपासून या कामाची वेगळी वही. ई-सिगारेटमध्ये द्रवाने भिजलेल्या कापसाच्या वातीभोवती गुंडाळलेली तार तापते आणि द्रवाची वाफ होते. ती तार म्हणजे कॉइल. ओहम हे तिच्या रोधाचं माप, वॅट हे तिला दिलेल्या ताकदीचं. प्रश्न एका ओळीचा आहे आणि तो सारखा कानावर येतो : "०.८ ओहमची कॉइल आहे, किती वॅट लावू?" उत्तर देणारे लगेच आकडा सांगून मोकळे होतात. कोणी पंधरा सांगतं, कोणी तीस. दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण प्रश्नात निम्मी माहितीच नाही. नुसत्या ओहमवरून वॅट ठरत नाहीत. तारेचं किती पृष्ठफळ द्रवाला भिडलं आहे आणि वात किती वेगाने द्रव आणून देते, यावर ते ठरतात. ओहम बघायचे ते बॅटरीला आणि उपकरणाला ती कॉइल झेपेल का, यासाठी. माझं हे म्हणणं मेजावर मोजून दाखवायचं आणि त्यातून हिशेबाचं एक पत्रक तयार करायचं, एवढा या प्रकल्पाचा आवाका.

झुरका कोणी माणूस घेणार नाही. पंप घेईल. ५५ मिलिलिटर हवा ३ सेकंदांत, दर ३० सेकंदांनी एकदा. कोरेस्टा या तंबाखू-संशोधनाच्या संस्थेच्या ८१ क्रमांकाच्या पद्धतीत आणि २०१८ च्या आयएसओ २०७६८ मानकात हाच झुरका धरलेला आहे. द्रव बिननिकोटिनचा, फक्त प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. निकोटीन कातडीतूनही शरीरात जातं. रोज हाताळायच्या द्रवात ते ठेवायचं काही कारण नाही.

५ फेब्रुवारी

रोध नीट मोजता आल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. साध्या मल्टिमीटरच्या दोन पिना कॉइलच्या पायांना, म्हणजे तारेच्या दोन सरळ टोकांना, लावल्या की आकडा येतो, पण त्यात पिनांच्या वायरींचा रोधही मिसळलेला असतो. किलोओहममध्ये काम असेल तर त्याने काही बिघडत नाही. इथे सगळा कारभार एका ओहमच्या आत-बाहेर चालतो, वायरींचे ०.२ ओहम धरले गेले तर आकडा पाव हिश्शाने फुगतो.

म्हणून चार तारांची पद्धत. दोन तारांनी ठरलेला करंट सोडायचा आणि दुसऱ्या दोन तारांनी थेट कॉइलच्या टोकांवरचं व्होल्टेज बघायचं. मी २०० मिलिअँपिअर सोडतो. १६२ मिलिव्होल्ट दिसले तर रोध ०.८१ ओहम. करंट इतका कमी, कारण मोजतानाच कॉइल तापायला नको. एक अँपिअर सोडला तर याच कॉइलमध्ये पाऊण वॅटहून जास्त उष्णता तयार होते, आणि तार स्टीलची असली तर आकडा डोळ्यांदेखत चढायला लागतो.

कागदावरचा हिशेबही शेजारी मांडला. एक चौरस मिलिमीटर छेदाची एक मीटर तार धरली, तर कँथल ए-१ (लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू) चा रोध १.४५ ओहम, निक्रोम ८० (निकेल आणि क्रोमियमचा) चा १.०९ आणि ३१६एल स्टेनलेस स्टीलचा साधारण ०.७५. गेज हा तारेच्या जाडीचा क्रमांक, तो जितका मोठा तितकी तार बारीक. २६ गेजची तार ०.४०५ मिलिमीटर जाड असते, तिचा छेद ०.१२९ चौरस मिलिमीटर. म्हणजे २६ गेज कँथलचा दर मीटरला सुमारे ११.३ ओहम. ३ मिलिमीटरच्या दांड्यावर ६ वेढे घेतले की ६४ मिलिमीटर तार जाते, दोन्ही पायांचे मिळून ८ मिलिमीटर धरले की ७२. उत्तर ०.८१ ओहम. मेजावर वळलेली कॉइल यापासून दोन-तीन शतांशांनी इकडेतिकडे येते. हा फरक बहुतेक पायांच्या लांबीतून आणि स्क्रूखालच्या जोडातून येतो. स्क्रू अर्धवट आवळलेला असेल तर आकडा दर वेळी वेगळा दिसतो. ती खूण दिसली की आधी जोड बघायचा, कॉइल नंतर.

९ फेब्रुवारी

आजचं काम म्हणजे या प्रकल्पाचं मूळ. कँथलच्याच तीन कॉइल वळल्या, तिन्हींचा रोध ०.८ ओहम, फक्त तारेची जाडी वेगळी.

२८ गेज म्हणजे ०.३२१ मिलिमीटर. ०.८ ओहमला हिची जेमतेम ४५ मिलिमीटर तार पुरते. अडीच मिलिमीटरच्या दांड्यावर चार वेढ्यांत काम संपतं. तारेचं एकूण पृष्ठफळ ४५ चौरस मिलिमीटर.

२६ गेजला ७१ मिलिमीटर तार लागते. पृष्ठफळ ९० चौरस मिलिमीटर.

२४ गेज म्हणजे ०.५११ मिलिमीटर. हिला ११३ मिलिमीटर तार लागते, ३ मिलिमीटरच्या दांड्यावर साडेनऊ वेढे. पृष्ठफळ १८२ चौरस मिलिमीटर.

रोध तोच, पृष्ठफळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चौपट. कारण साधं आहे. तार दुप्पट जाड केली तर तिचा छेद चौपट होतो, मग तोच रोध मिळवायला लांबी चौपट घ्यावी लागते, आणि परीघ दुप्पट झालेला असतोच. चार गुणिले दोन, आठ. रोध कायम ठेवला तर पृष्ठफळ जाडीच्या घनाप्रमाणे वाढतं. गेज दोनने बदललं की पृष्ठफळ जवळपास दुप्पट किंवा निम्मं होतं, असा अंदाज डोक्यात ठेवला तरी पुरतो.

आता तिन्हींना २० वॅट दिले. पहिल्या कॉइलच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ४४३ मिलिवॅट पडले, दुसरीवर २२१, तिसरीवर ११०. वात तिन्हींत सारखीच, द्रव सारखाच, पंपाचा झुरका सारखाच. पहिलीतून दोन-तीन झुरक्यांतच नाकाला झोंबणारा वास यायला लागला आणि पंप बंद केला. दुसरी शांतपणे चालत राहिली. तिसरीतून झुरक्याच्या पहिल्या निम्म्या भागात वाफ विरळ होती, शेवटाकडे ती भरली.

पहिलीतली वात बाहेर काढून भिंगाखाली धरली. कॉइलबाहेर राहणाऱ्या तिच्या दोन्ही शेपट्या पांढऱ्या, ओल्या, ठीकठाक. काळपट तपकिरी पट्टा फक्त मधल्या दोन वेढ्यांच्या खाली, आणि तोही कापसाच्या वरच्या थरापुरता. आत सुईने उकललं तर दुसऱ्या थरातला कापूस अजून ओला होता. द्रव तिथपर्यंत पोचलेला होता, पण तारेला लागून असलेल्या धाग्यांपर्यंत तो वेळेत येत नव्हता. टाकी भरलेली असताना वात कशी जळते, याचं उत्तर या पातळ थरात आहे.

एक सावधगिरी इथेच लिहून ठेवतो. पृष्ठफळ मोजताना मी अख्खी तार धरली आहे, पायांसकट. प्रत्यक्षात पाय वातीला लागत नाहीत, आणि वेढे एकमेकांना चिकटून असतील तर त्यांच्या मधली बाजू द्रवाला फारशी भेटत नाही. म्हणून हे आकडे एका कॉइलची दुसऱ्या कॉइलशी तुलना करायला चांगले. ते तंतोतंत उष्णताप्रवाहाचे आकडे समजायचे नाहीत.

१० फेब्रुवारी

२४ गेजची वाफ उशिरा का भरते, त्याचा हिशेब. कँथलची घनता दर घन सेंटिमीटरला ७.१ ग्रॅम, विशिष्ट उष्मा ग्रॅममागे दर अंशाला ०.४६ जूल. कालच्या तीन कॉइलमधल्या तारेचं वजन अनुक्रमे सुमारे २६, ६५ आणि १६५ मिलिग्रॅम. नुसती तार २०० अंशांनी वर न्यायला अडीच, सहा आणि पंधरा जूल. २० वॅटवर पहिलीला आठव्या भागाइतका सेकंद लागतो आणि तिसरीला पाऊण सेकंद, तोही भोवतीचा द्रव तापवण्याआधी. तीन सेकंदांच्या झुरक्यात पाऊण सेकंद म्हणजे पाव झुरका.

जाड तारेच्या कॉइलला वॅट वाढवावेसे वाटतात ते यामुळे. पण मग झुरक्याच्या शेवटी ती गरजेपेक्षा जास्त तापते. काही उपकरणांत सुरुवातीचा अर्धा सेकंद जास्त वॅट देऊन नंतर खाली यायची सोय असते. जड कॉइलसाठी तोच योग्य रस्ता.

१४ फेब्रुवारी

"ओहम कमी तर वॅट जास्त" हा ठोकताळा आला कुठून, यावर आज सहकाऱ्याशी बराच वेळ बोलणं झालं. ती रसायनाच्या बाजूची आहे, तिला वीजेतला हा नियम उलटा वाटत होता.

जुन्या यांत्रिक उपकरणात मध्ये कसलंच सर्किट नसतं. बटण दाबलं की सेल थेट कॉइलला जोडला जातो. व्होल्टेज सेल देईल तेवढंच, म्हणून वॅट बदलायचा एकच मार्ग उरतो : कॉइलचा रोध बदलणं. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, ०.४ ओहमवर साडेदहा अँपिअर आणि ४४ वॅट. तोच सेल ३.४ व्होल्टवर उतरला की २९ वॅट. एक तृतीयांश ताकद गेली, तरी कॉइल तीच. त्या काळात रोध निवडणं म्हणजेच वॅट निवडणं होतं, आणि ठोकताळा त्या जागी पूर्ण बरोबर होता.

दुसरं मूळ जोड-कॉइलमध्ये आहे. ०.८ ओहमच्या दोन सारख्या कॉइल समांतर जोडल्या की रोध ०.४ होतो आणि पृष्ठफळही दुप्पट होतं, ९० चं १८०. म्हणून अशा जोडीला ४० वॅट शोभतात. इथे ओहम निम्मे आणि वॅट दुप्पट हे दोन्ही खरं आहे, पण वॅट वाढवायची मुभा मिळाली ती वाढलेल्या पृष्ठफळामुळे. २८ गेजची एकच आखूड कॉइल ०.४ ओहमवर आणली तर तिचं पृष्ठफळ २३ चौरस मिलिमीटरच भरतं. तिच्यावर ४० वॅट टाकणं म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १,७०० मिलिवॅटच्या वर जाणं. वात क्षणात जळेल.

नियंत्रित उपकरण आलं आणि वॅट वेगळे ठरवता यायला लागले, तेव्हा ओहम आणि वॅट यांची ही गाठ सुटली. सवय मात्र उरली. मला वाटतं, नव्याने कॉइल वळणाऱ्याला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट हीच.

१७ फेब्रुवारी

वात आणि द्रव.

प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन २९० ला. मिश्रण या दोघांच्या मध्ये कुठेतरी. वातीच्या पोटात, तारेला टेकून, केसाएवढी बारीक के-प्रकारची थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) बसवली. निम्म्या-निम्म्या मिश्रणात आणि २६ गेजच्या कॉइलवर १५ वॅट दिले की तापमान झपकन चढतं, दोनशेच्या थोडं वर जाऊन थबकतं आणि झुरका संपेपर्यंत तिथेच रेंगाळतं. द्रव उकळतो आहे तोवर तो तारेची उष्णता उचलून नेतो, तापमानाला वर जाऊच देत नाही. वॅट वाढवले तर आधी तापमान फारसं वाढत नाही, वाफ वाढते. हे दिसतं तोवर सगळं ठीक.

मग एक हद्द येते. वात जेवढा द्रव आणू शकते त्याहून जास्त द्रवाची वाफ व्हायला लागते. तारेलगतचा थर कोरडा पडतो, उष्णता उचलणारं कोणी उरत नाही, आणि आलेखातली सपाट रेष झुरक्याच्या शेवटाकडे एकदम उभी होते. यालाच वापरणारे कोरडा झुरका म्हणतात. एवढ्या तापमानाला ग्लिसरीन मोडतं आणि त्यातून अ‍ॅक्रोलीन निघतं. फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅसिटाल्डिहाइडही या मोडण्यातूनच येतात. ९ तारखेचा नाकाला झोंबणारा वास अ‍ॅक्रोलीनचा आणि जळत्या कापसाचा मिळून होता. हे वायू चवीपुरते वाईट नाहीत, फुप्फुसांना खरोखर घातक आहेत. फॉर्माल्डिहाइडचा माणसात कर्करोग होण्याशी संबंध सिद्ध झालेला आहे. म्हणून ही हद्द कुठे आहे हे नाकाने शोधू नये, आधी हिशेबाने टाळावं, यासाठी मी एवढा आग्रही आहे.

हद्द कुठे येते ते द्रवाच्या घट्टपणावरही ठरतं. २० अंशांना ग्लिसरीनची श्यानता सुमारे १,४०० मिलिपास्कल-सेकंद, प्रोपिलीन ग्लायकॉलची पन्नास-साठ. तापल्यावर दोन्ही पातळ होतात, पण वातीच्या शेपट्या टाकीतल्या गार द्रवात असतात आणि ओढ तिथूनच सुरू होते. सत्तर टक्के ग्लिसरीनचा द्रव घेतला तर तीच कॉइल, तोच कापूस, पण आलेख आधीच्या वॅटच्या बऱ्याच अलीकडे उभा व्हायला लागला. घट्ट द्रवाला वातीकडे जाणारी रुंद छिद्रं आणि सैल वात लागते.

कापूस किती भरायचा, हे हाताला कळावं लागतं. कॉइलमधून ओढताना थोडा अडकला पाहिजे, पण तार जागची हलता कामा नये. फार सैल असला तर तारेला टेकत नाही, मधल्या पोकळीत वाफ साठते आणि वेढे उघडे पडतात. फार घट्ट असला तर केशाकर्षणाला, म्हणजे धाग्यांमधल्या बारीक फटींतून द्रव ओढला जाण्याला, जागाच उरत नाही. सैल वातीत द्रव गळतो, घट्ट वातीत जळका वास येतो. दोन्हींत पहिला संशय बिचाऱ्या वॅटवर घेतला जातो.

१९ फेब्रुवारी

आज वाचन. २०१५ च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटं पत्र छापून आलं होतं. त्यात ३.३ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टवर ती भरपूर सापडली. त्यावर मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी अ‍ॅडिक्शन या नियतकालिकात दुसऱ्या गटाचा अभ्यास आला : अनुभवी वापरणाऱ्यांना आधी झुरका घ्यायला लावून कोरडा झुरका कुठल्या वॅटला येतो ते ठरवलं आणि मग त्या आणि त्याखालच्या वॅटला मोजणी केली. अल्डिहाइडचं, म्हणजे फॉर्माल्डिहाइडसारख्या संयुगांच्या गटाचं, प्रमाण उंच गेलं ते कोरड्या झुरक्याच्या स्थितीतच.

मला या दोन्हींतून घ्यायचं ते वेगळं आहे. "५ व्होल्ट" हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. १.४ ओहमच्या कॉइलवर ५ व्होल्ट म्हणजे १८ वॅट. अडीच ओहमवर १० वॅट. आणि ते १० किंवा १८ वॅट किती तारेवर पडले, कुठल्या वातीने भिजवलेल्या, हे कळल्याशिवाय दोन प्रयोगांची तुलना होत नाही. कुठल्याही मोजणीच्या अहवालात रोध, वॅट, तारेची जाडी, लांबी, द्रवाचं मिश्रण आणि झुरक्याची लांबी एवढं तरी लिहिलेलं असलंच पाहिजे. आमच्या पत्रकात हे रकाने रिकामे सोडताच येणार नाहीत, अशी व्यवस्था करतो आहे.

अल्डिहाइडबद्दल सहकाऱ्याने एक मुद्दा घातला, तो महत्त्वाचा : कोरडा झुरका टाळला म्हणजे वाफ निर्धोक झाली, असं नाही. हद्दीच्या आतही थोडं विघटन होतच असतं. आपण फक्त ते वाढू नये एवढंच बघतो आहोत.

२३ फेब्रुवारी

थर्मोकपल प्रत्येक कॉइलमध्ये बसवता येत नाही, म्हणून दुसरी पद्धत : वजन. टाकी मिलिग्रॅमच्या काट्यावर ठेवायची, झुरक्यांचा एक गट घ्यायचा, पुन्हा वजन करायचं. घटलेलं वजन भागिले दिलेली ऊर्जा. दर जूलमागे किती मिलिग्रॅम द्रव गेला, हा आकडा कॉइलची नाडी आहे.

तो आकडा वॅटप्रमाणे तीन टप्प्यांतून जातो. अगदी कमी वॅटला तो लहान असतो, कारण बरीचशी ऊर्जा तार आणि भोवतीचा द्रव तापवण्यातच संपते. मग तो चढून स्थिरावतो. २६ गेजच्या कॉइलवर दर जूलला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास. आणि पुढे एका जागी तो पुन्हा उतरायला लागतो. ऊर्जा वाढते आहे पण द्रव त्या प्रमाणात जात नाही, म्हणजे वात मागे पडली. आमच्या कापसावर आणि निम्म्या-निम्म्या मिश्रणावर ही उतरण २५ वॅटच्या आगेमागे सुरू झाली, आणि थर्मोकपलचा आलेखही तिथेच उभा व्हायला लागला होता. दोन वेगळ्या पद्धतींनी एकच जागा दाखवली, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

एक ग्रॅम द्रव तापवून त्याची वाफ करायला हजार-बाराशे जूल लागतात असं धरलं, तर सगळी ऊर्जा वाफेत गेल्यास दर जूलला पाऊण मिलिग्रॅमहून जास्त द्रव जायला हवा होता. आपल्याला मिळतो त्याच्या पाव. बाकीची उष्णता हवेत, धातूच्या खांबांत आणि टाकीतल्या द्रवात मुरते, काही वाफ आतच थंड होऊन परत वातीवर पडते. टाकी कोमट लागते ती याच उष्णतेने. हवेची वाट रुंद केली की आकडा सुधारतो. ५५ मिलिलिटरचा झुरका तीन सेकंदांत म्हणजे मिनिटाला १.१ लिटर, चाळीस वॅटच्या जोड-कॉइलला एवढी हवा अपुरी पडते आणि ती स्वतःच्याच वाफेत कोंडते.

२७ फेब्रुवारी

बॅटरी. इथे ओहमला त्यांचं खरं महत्त्व मिळतं, म्हणून घाई करत नाही.

यांत्रिक उपकरणात सेलवरचा भार सरळ असतो : ४.२ भागिले ओहम. ०.२ ओहमला २१ अँपिअर. सेल सतत २० अँपिअर देण्यासाठी बनलेला असेल तर ही कॉइल त्याच्या मर्यादेबाहेर आहे, मग उपकरण कितीही महाग असो. कधी कधी वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा क्षणिक करंटचा असतो. आपण बघायचा तो सतत करंटचा, सेल बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकातला.

नियंत्रित उपकरणात हिशेब फिरतो. मध्ये व्होल्टेज बदलणारा रूपांतरक असल्यामुळे सेलवरचा करंट कॉइलच्या रोधावर अवलंबून राहत नाही. तो वॅट आणि सेलचं त्या क्षणीचं व्होल्टेज यांवर ठरतो. ४० वॅट, सेल ३.२ व्होल्टवर उतरलेला, रूपांतरकाची कार्यक्षमता ९० टक्के : ४० भागिले ३.२ भागिले ०.९, म्हणजे १३.९ अँपिअर. कॉइल ०.२ ची असो वा ०.८ ची, उत्तर तेच. आणि लक्षात घ्या, सेल रिकामा होत जातो तसा करंट वाढतो. भरलेल्या सेलवर हिशेब करून समाधान मानायचं नाही, सगळ्यात खालच्या व्होल्टेजवर करायचा. एकाच सेलवर ८० वॅट मागितले तर जवळपास २८ अँपिअर. म्हणून तेवढ्या ताकदीची उपकरणं दोन सेल घेतात.

रोधाची दुसरी मर्यादा व्होल्टेजची. २८ गेज, अडीच मिलिमीटर, ८ वेढे, १.४१ ओहम, या कॉइलला १६ वॅट द्यायचे तर ४.७५ व्होल्ट लागतात. एका सेलचं उपकरण व्होल्टेज वर चढवणारं नसेल तर ते तिथे पोचणारच नाही. पडद्यावर १६ दिसतील, कॉइलला ३.७ व्होल्टवर जेमतेम १० वॅट मिळतील.

सेलचं वेष्टन फाटलेलं असेल तर तो वापरायचा नाही, चिकटपट्टीने भागवायचं नाही. धनटोकाशेजारची सगळी कड ऋण असते, वेष्टन फाटलं की दोन्ही थेट जोडली जाऊन शॉर्ट-सर्किट होऊ शकतं. खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर सुटा सेल टाकणं हीच दुर्घटना वेगळ्या वाटेने.

२ मार्च

एका उपकरणावर पडद्यावरचे वॅट आणि वजनाचा आकडा जुळत नव्हता. कॉइल मर्यादेच्या आत असूनही जळायची. ऑसिलोस्कोप (व्होल्टेज क्षणोक्षणी कसं बदलतं ते दाखवणारं यंत्र) लावला तर उलगडा झाला. उपकरण व्होल्टेज खाली आणत नव्हतं, सेलचं पूर्ण व्होल्टेज चालू-बंद, चालू-बंद करत होतं.

दोन सेल एकापुढे एक, ८.४ व्होल्ट, पाव वेळ चालू. डीसी मीटर सरासरी दाखवतो : २.१ व्होल्ट. एक ओहमवर त्याचे वॅट काढले तर ४.४ येतात. पण उष्णता सरासरी व्होल्टेजला जुमानत नाही, ती वर्गाच्या सरासरीवर चालते. खरे प्रभावी व्होल्ट ४.२ आणि खरे वॅट १७.६. चौपट. अशा ठिकाणी खरा आरएमएस, म्हणजे हे प्रभावी व्होल्ट, दाखवणारा मीटर किंवा ऑसिलोस्कोपच हवा. आमच्या मेजावर यापुढे प्रत्येक नवं उपकरण आधी ऑसिलोस्कोपला जोडलं जाईल.

६ मार्च

तापमान-नियंत्रण. स्टेनलेस स्टीलचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण ०.०९२ टक्के. २० अंशांना ०.५० ओहमची कॉइल २२० अंशांना ०.५९ होते. उपकरण हा वाढलेला रोध वाचतं आणि ठरलेल्या तापमानाला वॅट कापतं. कोरड्या वातीला यापेक्षा चांगला पहारेकरी नाही. कँथलचा रोध तापमानाने जवळजवळ बदलतच नाही, म्हणून तिच्यावर हे चालत नाही. तिथे वॅटचाच हिशेब.

पण पहारेकऱ्याची नजर किती बारीक आहे बघा. दर अंशाला रोध बदलतो फक्त ०.४६ मिलिओहमने. स्क्रूचा जोड दहा मिलिओहमने हलला तर तापमानात २२ अंशांचा फरक पडतो. आणि मूळ रोध नोंदवताना कॉइल कोमट असेल, समजा ४५ अंश, आणि उपकरणाने ती २० धरली, तर पुढचा प्रत्येक झुरका पडद्यावरच्या आकड्यापेक्षा पंचवीस अंशांहून जास्त गरम जाणार. मूळ रोध नेहमी गार कॉइलवर घ्यावा.

११ मार्च

एका रकान्यावरून आज चर्चा झाली आणि तो ठेवायचं ठरलं : निकोटीन. वॅट वाढले की झुरक्यात जाणाऱ्या द्रवाचं वजन वाढतं आणि त्याबरोबर निकोटीनही. दहा वॅटच्या, एक ओहमच्या वरच्या कॉइलसाठी बनलेला दाट निकोटीनचा द्रव चाळीस वॅटच्या जोड-कॉइलमध्ये टाकला तर एका झुरक्यात कितीतरी पट निकोटीन जातं. मळमळ, गरगरणं, धडधड ही त्याची लक्षणं. निकोटीन व्यसन लावतं. अल्पवयीन, गरोदर आणि आधी न ओढणाऱ्या कोणाच्याही हातात हे उपकरण जाऊ नये. पत्रकात हे वाक्य आकड्यांच्या वर येईल, खाली बारीक अक्षरांत नाही.

१४ मार्च

पत्रक चालू झालं. ते विचारतं : तारेचा धातू, गेज, दांड्याचा व्यास, वेढे, पायांची लांबी, कॉइल एक की दोन, द्रवातलं ग्लिसरीन, सेलची सतत करंटची मर्यादा. देतं : रोध, पृष्ठफळ, सुरुवातीचे वॅट, वरची हद्द, लागणारं व्होल्टेज, सेलवरचा करंट.

सुरुवात दर चौरस मिलिमीटरला १५० मिलिवॅटवर ठेवली आहे, वरची हद्द २५० वर. ५ फेब्रुवारीच्या ०.८१ ओहमच्या कॉइलला, ९२ चौरस मिलिमीटरवर, ते १४ ते २३ वॅट सांगतं. वात मागे पडली होती २५ च्या आगेमागे, म्हणजे थोडी जागा राखलेली आहे. १.४१ ओहमची बारीक तारेची कॉइल ८० चौरस मिलिमीटरची, तिला १२ ते २०. बघा, रोध जवळपास पावणेदोन पट आणि वॅटमध्ये फरक दोन-तीनचा. ग्लिसरीन सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर वरची हद्द आपोआप २०० मिलिवॅटवर येते. हे आकडे आमच्या कापसाचे आणि आमच्या हवेच्या वाटेचे आहेत. दुसऱ्या टाकीत खालच्या टोकापासून सुरू करून एकेक वॅट चढावं, आणि वाफ वाढायची थांबली की तिथून दोन वॅट मागे यावं.

जाळीच्या कॉइलला पत्रक अजून नकार देतं. तिथे तार नाही, छिद्रं पाडलेली पातळ पट्टी आहे. तिला गेज आणि वेढे लागू पडत नाहीत. तोवर डबीवर छापलेला वॅटचा पट्टा आणि त्यातलंही खालचं टोक हेच उत्तर. एका पट्टीचा तुकडा कापून ठेवला आहे. छिद्रांचा व्यास, त्यांतलं अंतर आणि पट्टीची जाडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, मग तिच्यासाठी वेगळा रकाना.